आव्वाच्या हाताच्या मापाची दोरी

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका जळालेल्या पंपाच्या मोटारीतली तार उपसत बसलो होतो. एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात फोन. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी "कधी?" विचारलं, "येतो" म्हटलं, फोन ठेवला आणि परत तार उपसायला लागलो. खोटं कशाला सांगू... पहिल्यांदा रडू आलं नाही. पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. चला, आता त्याला कधीच कळणार नाही, असं मनात येऊन गेलं. आणि असलं काही आपल्या मनात आलं म्हणून अशी शिसारी आली की पक्कड टाकून दुकानाच्या पायरीवर येऊन बसलो. शेजारचा लेथवाला म्हणाला, "काय झालं ओ अण्णा?" म्हटलं, "दोस्त गेला माझा." दुसरं काय सांगणार?

महादेव कांबळे, राहणार गडमुडशिंगी, धंदा बुकबायंडिंग. मी त्याला म्हादू म्हणायचो, तो मला बसू. माझं दुकान उद्यमनगरात, मोटार रिवायंडिंगचं. तो शाहूपुरीतल्या एका छापखान्यात बायंडर. आमची गाठ पडायचं तसं काही कारण नव्हतं. पण आमच्या पेठेतल्या वाचनालयात तो रविवारी फाटकी पुस्तकं बांधायला यायचा, आणि मी रविवारी पुस्तक बदलायला जायचो. एकदा मी पान दुमडलेलं पुस्तक परत केलं तर हा गडी सगळ्यांदेखत मला म्हणाला, "पावणं, घरात खुणंला कागद न्हाय व्हय? एवढं शिकल्यालं दिसताय." मला राग आला. पुढच्या रविवारी त्यानं माझ्या हातात खुणेच्या पुठ्ठ्याच्या दहा-बारा पट्ट्या ठेवल्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. असा तो. आधी तोंड वाजवायचा आणि मग तुमच्यासाठी रात्रीचा दिवस करायचा. त्यातली एक पट्टी अजून माझ्या चष्म्याच्या डबीत आहे.

आता कंदिलाचं सांगतो. एका दिवाळीत माझ्या आईला, म्हणजे आव्वाला, दारातल्या आकाशकंदिलाचा शॉक बसला. मोटारी बांधणाऱ्याच्या घरात शॉक! सडा घालून ओल्या हातानं तिनं वायर सरळ करायला धरली आणि मागं फेकली गेली. थोडक्यात वाचली. तेव्हापासून दारात वायर म्हटली की ती थरथर कापायची. पुढच्या दिवाळीला दारात नुसती पणती. त्याच्या पुढच्या दिवाळीला महिना उरला असताना मी वाचनालयात हे हसत हसत सांगितलं. म्हादू हसला नाही. हातातली सुई खाली ठेवून म्हणाला, "मग बॅटरीवर करू की. वायरच नको." मी म्हटलं, सेलवर कंदील चालतोय व्हय? तर म्हणाला, "ते तू बघ, तू लायटीचा माणूस. कागदाचं मी बघतो."

महिनाभर आमचं तेच चाललं होतं. संध्याकाळी छापखाना सुटला की सायकल दामटत तो माझ्या दुकानात यायचा. मी म्हटलं, आधी बांबूच्या काड्यांचा सांगाडा करू. त्यानं माझ्याकडं अडाण्याकडं बघावं तसं बघितलं. "काड्या कशाला? कागदाला नीट घडी दिली की कागदच उभा ऱ्हातोय." आणि खरंच, बायंडरच्या हाडाच्या पट्टीनं घड्या पाडून पाडून त्यानं असा कंदील केला की मिटला तर वहीसारखा सपाट आणि उघडला तर भोपळ्यासारखा गोल. मधोमध पुठ्ठ्याची नळी, नळीत एकावर एक तीन सेल, वर टॉर्चचा बल्ब. सेलचं वजन खाली राहील असं केलं, म्हणजे वाऱ्यात तिरका होणार नाही. मी पत्र्याच्या पट्ट्या कापून दिल्या, सोल्डर करायला शिकवलं. चार वेळा बोट भाजून घेतलं त्यानं, पण पाचवा टाका माझ्यापेक्षा सुबक घातला. बटण लावूया म्हटलं तर नको म्हणाला. म्हाताऱ्या माणसाला बटण म्हणजे परत लाईट, परत भीती. त्यानं पुस्तक शिवायचा मेण लावलेला दोरा खाली सोडला. दोरी ओढून जरा बाजूला नेली की तिची गाठ नळीच्या खाचेत अडकायची, पट्टी सेलला टेकायची आणि कंदील लागायचा. गाठ सोडवली की विझला. मग म्हणतो कसा, "आव्वांचा हात किती वर पोचतोय ते मोजून आण." मी घरी जाऊन आव्वाला म्हटलं, तोरणाला हात लाव बघू. तिचा हात जिथं पोचला तिथं चौकटीवर खडूनं रेघ मारली आणि माप त्याला नेऊन दिलं. दोरी त्या मापाची.

वसुबारसेला संध्याकाळी कंदील दारात लावला. आव्वानं दोरी ओढली. "अय्य, लागला की रं!" सोडवली, परत ओढली. पाच-सहा वेळा केलं तिनं. सत्तरीची बाई पोरीसारखी हसत होती. मग म्हणाली, "कुणी केला रं?" म्हटलं, म्हादूनं. "कुठला म्हादू?" मी सांगितलं. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. तिनं गाठ सोडवली, हात पदराला पुसले. ओरडली नाही, चिडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, आणि आज हे लिहायची पाळी आली नसती. ती हळूच म्हणाली, "कंदील झ्याक हाय, बसाप्पा. पर पुढच्या दारात नको. मागं लाव, न्हाणीपाशी."

आमच्या धर्मात माणसा-माणसांत भेद करू नये म्हणून मोठमोठ्या माणसांनी शेकडो वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. आव्वाला ते सगळं पाठ होतं. रोज सकाळी लिंगपूजा झाली की ती ते म्हणायची, आवाज गोड होता तिचा. मी तेव्हा चाळिशीचा बाप्या, दोन पोरांचा बाप, स्वतःचं दुकान. एक वाक्य बोलायचं होतं फक्त, "कंदील इथंच राहील." नाही बोललो. न्हाणीपाशी लावायला हात धजेना, म्हणून काढला, मिटला आणि दुकानाच्या माळ्यावर नेऊन ठेवला.

पाडव्याला म्हादू आला. त्याची बायको सुमनवहिनी आणि पोरगी प्रज्ञा पण आल्या होत्या, मुडशिंगीहून बसनं, धुतलेल्या कपड्यांत, खास कंदील बघायला. प्रज्ञा पहिलीत असेल. पायरीवर उभी राहून वर बघत म्हणाली, "बाबा, कंदील कुठं हाय?" आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हटलं, "बंद पडला रे. पट्टी लूज झाली बहुतेक. दुकानात नेऊन ठेवलाय." आव्वानं फराळ दिला. आम्हाला स्टीलच्या ताटलीत, त्या तिघांना पेपरवर. वहिनी खाली बघून खात होत्या. म्हादूनं चकली उचलली आणि खालच्या बातम्या वाचतोय असं दाखवलं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "पट्टी लूज झाली व्हय... चुकलंच माझं. नळीला आतनं काहीतरी दाब पायजे हुता." चुकलंच माझं, म्हणाला तो.

एक थाप पचवायला दुसरी लागते म्हणतात. मला तर सोळा वर्षं पुरतील एवढ्या लागल्या. पुढच्या दिवाळीला तो नवा कंदील घेऊन हजर, नळीत सायकलच्या ट्यूबचा तुकडा, पत्र्याच्या जागी पितळी पट्टी. "आता लूज हून दाखवू दे." मी म्हटलं, दंव पडून कागद लोंबला. त्यानं पुढच्या वेळी कागदाला मेण पाजलं. मी म्हटलं, झुरळांनी चिकटवायची खळ खाल्ली. त्यानं खळीत मोरचूद घातलं, बायंडर लोक घालतात तसं. मग मी वाऱ्यावर ढकललं, गरगर फिरून दोरा तुटला म्हणून सांगितलं. तर हा गडी बाजारात जाऊन गुरांच्या साखळीला असते तसली भवरकडी घेऊन आला, अंगठ्याएवढी, आणि कंदील तिच्यात अडकवला. "आता फिरू दे कितीबी." दर वर्षी आणायचा असं नाही, दोन-दोन वर्षं मध्ये जायची. पण आणला की मी तो माळ्यावर टाकायचो, आणि दिवाळी झाली की मी लायटीचा माणूस तोंड पाडून त्याला दोष सांगायचो. तो माझा शब्द खाली पडू द्यायचा नाही. वायरीतलं मला कळतं, त्याला नाही, असं तो धरून चालायचा. जे मी पोटासाठी शिकलो ते मी त्याला फसवायला वापरलं.

आईवर ढकलून मला मोकळं होता आलं असतं. पण आव्वा दोन हजार साली गेली. त्या वर्षी घरात दुखवटा, कंदील नाहीच. म्हादू आला, बसला, मी म्हटलं, "औंदा कंदील न्हाय लावणार," आणि लक्षात आलं, कंदिलाबाबत एवढ्या वर्षांत त्याच्याशी आपण हे पहिलं खरं बोललो. पुढल्या वर्षी माझी बायको म्हणाली, "लावा की आता. कोण बसलंय विचारायला?" मी म्हटलं, गल्ली आहे की. पावणेरावळे येतात, पोरीचं लग्न ठरवायचंय. तिनं माझ्याकडं जे बघितलं ते मला आजही नको वाटतं. तर आव्वाचं सोडा. पहिला कंदील तिनं काढायला लावला, बाकीचे सगळे मी.

मधल्या काळात म्हादूचं बरं चाललं नव्हतं. छापखाना बंद पडला. वह्या-रजिस्टरं आता कोण हातानं बांधून घेतंय? पन्नाशीत तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात माल पॅक करायला लागला. दिवसभर खोकी चिकटवायची. "पुस्तक बांधणारा माणूस मी, आता खोकी बांधालोय," एकदाच म्हणाला, परत नाही. पण तिथला जाड पुठ्ठा बघून त्याला काय सुचावं, तर कंदिलाची नळी! नंतर ते पांढरे एलईडी दिवे आले, खेळण्यातल्या टॉर्चमधले. त्यानं कुठून तरी आणले आणि थेट माझ्या दुकानात. "सेल लवकर उतरत्यात म्हणालतास न्हवं? ह्यो दिवा सेल खातच न्हाय. फकस्त एक बारका रेझिस्टन्स पायजे." तो रेझिस्टन्स मी दिला, माझ्या डब्यातला, निवडून, बरोबर मापाचा. ते भारनियमनाचे दिवस. ऐन दिवाळीत संध्याकाळी लाईट जायची आणि सगळी गल्ली काळीठिक्कर. लोकांचे चारशे-पाचशेचे कंदील नुसते टांगलेले. आणि सगळ्या कोल्हापुरात भारनियमनाला दाद देणार नाही असा एक कंदील होता, तो माझ्या दुकानाच्या माळ्यावर अंधारात मिटून पडलेला. मी दारात खुर्ची टाकून, वारा घालत बसायचो. झोप यायची नाही, उठवायचंही नाही. असला थकवा कामानं येत नाही.

यंदा श्रावणात त्याला शेवटचा भेटलो. छातीचं दुखणं बळावलं होतं, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. खाटेवर उशीला टेकून बसला होता आणि मांडीवर फळी घेऊन कागदाला घड्या पाडत होता. हाडाची पट्टी तीच. दोन घड्या पाडायच्या, दम घ्यायचा, परत दोन. मी तास-दीड तास नुसता बघत बसलो. त्यानं कंदील मिटला, बायंडिंगच्या जुन्या कापडात गुंडाळला, माझ्या हातात दिला. "ह्यो आता बंद पडायचा न्हाय, बसू. पडला तर दोष कंदिलात न्हाय म्हणायचा." मी चमकलो. चोराच्या मनात चांदणं. त्याच्याकडं बघितलं तर तो खिडकीबाहेर बघत होता. मी म्हटलं, "म्हादू, तुला एक सांगायचं हुतं..." तो म्हणाला, "लेका, पाऊस यायला लागलाय. रस्ता खराब हाय. निघ." आणि मी निघालो. सांगणारच होतो, असं आता म्हणायला काय जातंय? तो निघ म्हणाला आणि मी उठलो, एवढंच खरं. कंदील माळ्यावर, बाकीच्यांत.

म्हादूच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मुडशिंगीला गेलो. वंदना झाली, चार माणसं बोलली, मला बोलायला सांगितलं तर मी हात जोडले. जेवणं उरकल्यावर सुमनवहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. मीच म्हटलं, "वहिनी, त्याचे कंदील..." त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्यास्नी ठावं हुतं." मग त्या सांगत गेल्या, "पयल्या पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलंतं. पट्टी बघायला म्हणून तुमच्या दुकानात गेलते. तुम्ही न्हवता, कामगारानं कंदील काढून दिला. दोरी वढली तर लागला की. घरला आल्यावर मला म्हणालं, कंदील बरा हाय, बसूचंच काहीतरी अडलंय." मी कसंबसं विचारलं, "मग एवढी वर्षं करत का राहिला?" वहिनी हसल्या. दमलेलं हसू होतं ते. "म्या पण विचारायची की. सोडा म्हणायची तो नाद, एवढा मान का द्यायचा माणसाला. तर म्हणायचं, एकेक थाप मी बंद करत जातो. सगळ्या संपल्या की मग त्याला खरंच बोलावं लागंल."

मी तिथं, सगळ्या माणसांत, रडलो. फोन आला तेव्हा आलं नव्हतं ते सगळं आलं. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. मी त्यांच्या तांब्यानं पाणी प्यालो, चूळ भरली, तोंड धुतलं. त्यांच्या घरी मी नेहमीच खात-पीत आलोय, ताटात, वाटीत, पोटभर. ते पेपरवरचे फराळ माझ्याच घरचे.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरनं सगळे कंदील काढले. आठ निघाले. एकेक उघडून ओळीनं मांडले तर माझ्या सगळ्या थापा समोर येऊन बसल्या. ट्यूबचा तुकडा, मेण, मोरचूद, भवरकडी, पुठ्ठा, एलईडी. शेवटच्या कंदिलात सगळंच आहे, एकही थाप सोडलेली नाही. आणि दोरी... दोरी तेवढी पहिल्या दिवसापासून तीच. आव्वा जाऊन आठ वर्षं झाली, चौकटीवरची खडूची रेघ कधीच रंगाखाली गेली, पण शेवटच्या कंदिलाची दोरी त्यानं आव्वाच्या हाताच्या मापाचीच सोडली होती. जिनं तो दारात लावू दिला नाही तिचा हात पोचावा म्हणून. मी मोजून बघितली.

यंदा वसुबारसेला तो कंदील पुढच्या दारात लावला. मी उंच माणूस, मला दोरीचं टोक धरायला हात खाली आणावा लागतो. कंदील लागला. समोरचे पाटील दूध घेऊन चालले होते, थांबले, वर बघून म्हणाले, "अण्णा, कंदील लै भारी हाय. कुणी केला ओ?" हाच प्रश्न. म्हटलं, "माझ्या दोस्तानं केलाय. महादेव कांबळे. गडमुडशिंगीचा." पाटील म्हणाले, "व्हय? झ्याक केलाय की," आणि दुधाची पिशवी सांभाळत निघून गेले. एवढंच. सोळा वर्षं मी ज्याला भ्यालो ते एवढंच होतं. दारात उभा राहून मी स्वतःला कोल्हापुरी भाषेत ज्या काही शिव्या घातल्या त्या इथं लिहिता यायच्या नाहीत.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, त्रिपुरी पौर्णिमा होऊनही बरेच दिवस झाले. गल्लीतले सगळे कंदील उतरले, माझा तेवढा राहिलाय. रोज दिवेलागणीला दोरी ओढतो, झोपायच्या आधी सोडवतो. सेल अजून पहिलेच आहेत. पट्टी हलत नाही, कागद लोंबत नाही, झुरळ फिरकत नाही, वाऱ्यात भवरकडी आपली आपण फिरते. बायको म्हणते, "आता काढा की ओ, लोक हसालेत." मी म्हणतो, बंद पडला की काढतो. आणि रोज दोरी ओढताना हात जरा थांबतो... आज लागू नये, एकदा तरी खरंच बंद पडावा, सोळा वर्षांत मारलेल्या थापांतली एक तरी खरी ठरावी.

लागतो.